लॅपटॉपखालचा वारा

चेन्नईत आदंबाक्कमला आमच्या घरमालकांना, म्हणजे नागोजीरावांना, एक सवय होती. कुठल्याही खोलीत शिरले की ते दारातच थांबत आणि हात पालथा करून हवेत धरत. आपण बसा म्हणायचं, ते ऐकू न आल्यासारखे उभे. मग खिडकीकडे बघून म्हणत, "इथे वारा येतो, जायला वाट नाही." एवढं झालं की बसत.

पहिल्यांदा आम्ही घर बघायला गेलो तेव्हाही असंच झालं. माझ्या नवऱ्याची, मकरंदची, बँकेने साताऱ्याहून चेन्नईला बदली केली होती आणि आम्ही दोघं तोडक्यामोडक्या इंग्रजीत घरं बघत हिंडत होतो. मकरंद सांगत होता की वुई आर फ्रॉम महाराष्ट्रा, आणि समोरचे लुंगी नेसलेले, करड्या मिशांचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तुम्ही आल्लांत, बरं झाल्लं. पाणी घेता की कॉफी?" मकरंदला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. पण ती त्यांची घरातली भाषा होती. त्यांचे पूर्वज तंजावरला येऊन तीनशे वर्षं होत आली होती आणि त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आणि आमच्याकडे कधीच मागे पडलेली रूपं, दोन्ही होती. त्यांच्या पत्नी तुळसीमामी तर बोलायला लागल्या की निम्म्या वाक्यावर मराठीतून तमिळमध्ये शिरत आणि आपण रूळ बदलला हे त्यांच्या लक्षातही येत नसे. आम्ही वरचा मजला घेतला. ही २००६ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट.

नागोजीराव एकोणिसाव्या वर्षी तंजावरहून निघून मद्रासला आले. आधी पत्र्याच्या डब्यांना डाग देणाऱ्या एका दुकानात राहिले. एकाहत्तर साली गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लागले आणि तिथेच पस्तीस वर्षं काढली. तो कारखाना ब्लोअर करायचा. म्हणजे मोठाले पंखे आणि हवा वाहून नेणारे पत्र्याचे बोगदे. कातड्याच्या कारखान्यातला वास, भाताच्या गिरणीतला भुसा, रंगाच्या खोलीतली वाफ बाहेर काढायची असली की यांना बोलावणं जायचं. शाळा त्यांची आठवीपर्यंतच झाली होती. पण पंख्याचं पातं एका बाजूला जड आहे हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. कारखान्यातले इंजिनियर मापं काढून सांगत आणि मग खात्रीसाठी हळूच यांना विचारत, असं तुळसीमामींनी मला सांगितलं. ते स्वतः असलं काही सांगत नसत.

आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. तिथून पुढे त्यांच्या हातांचं काय करायचं, हा घरात प्रश्न झाला. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी घरातले सगळे पंखे उतरवून पुन्हा चढवले. मग गल्लीतल्या लोकांचे पंखे धरले. लोकांना पंखे बरे चालत असताना उतरवायची इच्छा नव्हती, पण राव आले तर नाही कसं म्हणायचं. मग लोक ते येताना दिसले की कामात असल्याचं दाखवू लागले. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मार्चपासून ते फारसे बाहेर पडेनात. ओट्यावर पेपर घेऊन बसत आणि तो न वाचता घडी घालून ठेवत.

माझं काम तेव्हा नवीन होतं. पेरुंगुडीच्या एका ऑफिससाठी मी मोबाईल फोनमधली वाक्यं मराठीत करायची. 'संदेश पाठवला', 'बॅटरी कमी आहे', अशी हजारो छोटी वाक्यं. त्यासाठी ऑफिसने मला एक लॅपटॉप दिला होता. काळा, जाडजूड, पाटा उचलावा तसा दोन हातांनी उचलावा लागे. मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवून दिवसभर बसे. वर गच्ची होती आणि एप्रिलपासून ती गच्ची दुपारभर तापून सगळी ऊब आमच्या खोलीत सोडी.

एप्रिलच्या शेवटी लॅपटॉप आपोआप बंद पडायला लागला. काही सूचना नाही, काही नाही. पडदा काळा. मघापासून केलेलं काम गेलेलं. खाली हात लावावा तर तव्यावर पडल्यासारखा चटका. ऑफिसमधल्या माणसाने फोनवर सांगितलं की गरम होतोय, टेबलफॅन लावा. टेबलफॅन लावला तर माझे कागद घरभर उडाले आणि लॅपटॉप दहा मिनिटं उशिरा बंद पडला, एवढाच फरक. मी तो उशीवर ठेवून पाहिला, तेव्हा तर लगेचच गेला. मग चार कोपऱ्यांखाली चार स्टीलच्या वाट्या पालथ्या घातल्या. त्याने जरा बरं वाटलं, पण टाइप करताना वाट्या सरकत आणि मी लिहिता लिहिता सगळं यंत्र घसरत माझ्या मांडीवर यायचं. मेच्या अखेरीला मला साडेतीन हजार वाक्यं द्यायची होती. मे उजाडला तेव्हा बाराशे झाली होती आणि कत्तिरी, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले पंचवीस दिवस, सुरू व्हायचे होते.

एक दिवस दुपारी नागोजीराव पाण्याची टाकी बघायला गच्चीवर चालले होते. दार उघडं होतं. ते जिन्यातच थांबले. मला वाटलं, काही सांगायचं असेल. ते आत आले, हात पालथा धरला, पण या वेळी खिडकीकडे न बघता टेबलाकडे आले आणि लॅपटॉपजवळ कान नेला.

"हा पंखा रडतो, विद्यम्मा," ते म्हणाले.

माझं नाव विद्युलता. ते त्यांना फार लांब वाटे.

मी त्यांना सगळं रडगाणं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं, की याच्यात वारा कुठून येतो आणि कुठून जातो. मला माहीत नव्हतं. सहा महिने रोज आठ तास त्याच्यासमोर बसत होते, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. मी ऑफिसला फोन करून विचारलं, तर तिथेही कोणाला सांगता येईना.

ते खाली जाऊन मामींच्या देवघरातली एक उदबत्ती पेटवून घेऊन आले. लॅपटॉप वाट्यांवर ठेवला होता. त्याच्या भोवती त्यांनी उदबत्ती अगदी सावकाश फिरवली. डाव्या बाजूच्या जाळीपाशी धूर जोरात बाहेर ढकलला गेला. मग त्यांनी ती खाली नेली. उजवीकडून मधे, मधून मागे. मागच्या कोपऱ्याजवळ आल्यावर धुराची सरळ रेघ वाकली आणि गपकन वर खेचली गेली. त्या पंख्याला श्वास घ्यायला तिथे रुपयाएवढी जागा होती आणि ती टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कापडाला चिकटून बसायची. मी हे पहिल्यांदाच पाहत होते. ते तर इतके खूश झाले की उदबत्तीची राख माझ्या कीबोर्डवर पडली तेही त्यांना दिसलं नाही.

तीन दिवसांनी ते एक पेटी घेऊन वर आले. पेटी जाड पत्र्याची, सुबक डाग दिलेली, कडा गुळगुळीत घासलेल्या. आत दोन पंखे. पण बटण दाबल्यावर पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला आणि टेबलावरची पाण्याची बाटली थरथरत कडेपर्यंत गेली. आवाजाचं बघता येईल, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मी कामाला बसले. ते समोर खुर्चीवर बसले. आठव्या मिनिटाला पडदा काळा झाला. इतक्या लवकर तो वाट्यांवरही कधी बंद पडला नव्हता.

नागोजीराव उठले, पेटी काखेत मारली आणि खाली गेले.

त्यानंतर चार दिवस ते वर आलेच नाहीत. टाकी बघायलासुद्धा मामी आल्या. त्या म्हणाल्या की ते जेवतात, झोपतात, पण बोलत नाहीत. एकाहत्तरपासून त्यांच्या हातची वस्तू चालली नाही असं झालेलं नव्हतं, आणि आता झालं तेही बिऱ्हाडकरू पोरीसमोर. मला फार वाईट वाटलं. त्यांचा काही दोष नाही असं मी म्हटलं, तर मामी म्हणाल्या की तेच त्यांना सांगू नकोस, त्याने जास्त लागेल.

तेवढ्यात मकरंदने माझे हाल बघून रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तयार कूलिंग स्टँड आणलं. प्लॅस्टिकचं, खाली तीन छोटे पंखे आणि त्यांत निळे दिवे. त्याने लॅपटॉप अर्ध्या तासाऐवजी तासभर टिकू लागला. पण मला ते लपवून वापरावंसं वाटे. जिन्यात पावलं वाजली की मी त्यावर टॉवेल टाकत असे, आणि टॉवेल टाकला की लॅपटॉप आणखी तापे.

पाचव्या दिवशी मी टॉवेल टाकायला विसरले आणि नागोजीराव दारात उभे होते. निळे दिवे लुकलुकत होते. मी काहीतरी सारवासारव करू लागले. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. लॅपटॉप अलगद बाजूला ठेवला, स्टँड उलटं केलं, सरळ केलं, पंख्यावर पालथा हात धरला. मग खिशातून छोटा पेचकस काढला आणि मला विचारलं, उघडू का. मी हो म्हटलं. त्यांनी ते पाच मिनिटांत सुटं करून वर्तमानपत्रावर मांडलं आणि कितीतरी वेळ बघत बसले. मग हसले. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मी चूक केलों," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं मी गरम वारा ओढून बाहेर टाकलों. इथेही खालून ओढलों. पण याला खालून वारा पाहिजे होता. मी त्याच्या तोंडातला घास काढलों."

चूक सापडल्याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की ती त्यांचीच होती याचं त्यांना काही राहिलं नव्हतं. मग त्यांनी त्या बाजारच्या स्टँडचीही चूक दाखवली. त्याचे तिन्ही पंखे मधोमध होते. माझ्या लॅपटॉपचं भोक मागच्या कोपऱ्यात. म्हणजे पंखे बंद भिंतीवर वारा फेकत होते. शिवाय ते तिन्ही पंखे लॅपटॉपमधूनच वीज घेत होते, तेही त्यांना पटलं नाही. उपाशी माणसाकडूनच वाढून घ्यायचं, असं काहीतरी ते तमिळमध्ये पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी ते मला आणि लॅपटॉपला घेऊन गिंडीच्या कारखान्यात गेले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. फाटकापाशी ते जरा घुटमळले. शर्टाची कॉलर नीट केली. आत गेल्यावर मात्र एकेक यंत्र बंद होत गेलं आणि सगळे भोवती जमले. कोणी चहा आणला, कोणी त्यांचं जुनं बाकडं पुसलं. मी लॅपटॉप छातीशी धरून उभी होते आणि सगळे त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसे बघत होते.

आधी त्यांनी एका मऊ ब्रशने लॅपटॉपची जाळी झाडली आणि सायकलच्या पंपाने डावीकडून फुंकर घातली. ऑफिसचं यंत्र होतं, माझा जीव टांगणीला. जाळीतून राखाडी कापसाची एक गुंडाळी बाहेर आली, बोटाच्या पेराएवढी. ती त्यांनी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. मग अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा कापला. मी तिथेच एका स्टुलावर बसून टाइप करून दाखवत होते आणि ते माझ्या मनगटाखाली पट्टी धरून उतार ठरवत होते. पहिला उतार जास्त झाला, लॅपटॉप घसरला, तो त्यांनी वरच्या वर झेलला. मग पुढच्या कडेला बोटभर काठ वळवला आणि त्यावर रबराची पट्टी चिकटवली. भोकं फक्त मागच्या कोपऱ्यात पाडली, बरोबर त्या रुपयाएवढ्या जागेखाली. तिथे एकच पंखा बसवला, जुन्या संगणकातला, मोठा आणि सावकाश फिरणारा. तो भिंतीतल्या प्लगवर चाले. वारा वर जातो हे दाखवायला त्यांनी पत्र्यावर खिळ्याने एक बाण कोरला. कारखान्यातल्या सगळ्या बोगद्यांवर असा बाण असायचा, असं ते म्हणाले.

मेच्या तेरा तारखेला, ऐन कत्तिरीत, आम्ही ते स्टँड लावून बघितलं. दुपारी एक वाजता मी बसले. ते समोर बसले, हातात मनगटी घड्याळ. मामीही वर आल्या आणि दारातच भाजी निवडत बसल्या.  पंख्याचा आवाज इतका मंद होता की मामींच्या गवारीच्या शेंगा मोडल्याचं ऐकू येत होतं. दोन वाजले. तीन वाजले. मी 'फोन बंद करायचा आहे का?' हे वाक्य केलं आणि पुढे गेले. चार वाजता नागोजीरावांनी लॅपटॉपखाली हात घातला, काढला, आणि मला म्हणाले की आता उठ, कॉफी पी, तो थकला नाही, तू थकलीस.

साडेतीन हजार वाक्यं एकोणतीस तारखेला गेली.

जूनमध्ये मला पेरुंगुडीच्या ऑफिसात जायचं होतं. लॅपटॉप नेला, तसं स्टँडही पिशवीत घालून नेलं. तिथल्या आमच्या मुख्य बाई, संयुक्ता, यांनी ते टेबलावर पाहिलं आणि हे कुठे मिळालं म्हणून विचारलं. त्यांच्याकडची मुलंही याच त्रासात होती. कोणी लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं लावली होती, एकाने चहाच्या कपांची उतरंड केली होती. आमचे घरमालक करतात असं मी सांगितल्यावर त्यांनी वीस स्टँड मागवली.

मला वाटलं, नागोजीराव आनंदाने उडी मारतील. त्यांनी सरळ नाही म्हटलं. एकसारखी वीस करणार नाही, कारण वीस लॅपटॉपची भोकं वीस ठिकाणी असतील. आधी बघायला पाहिजे. मी ते संयुक्ताबाईंना जरा बिचकतच कळवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, येऊ देत.

ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशात उदबत्तीचा पुडा घेऊन माझ्याबरोबर बसने गेले. दारावरच्या सुरक्षारक्षकाने उदबत्ती काढून घेतली, कारण आत धुराची घंटा होती.  मग लिफ्टपाशी मामींच्याच वयाच्या एक सफाईवाल्या बाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी गजऱ्यातला थोडा दोरा मागितला. बाईंनी हसत काढून दिला. केळीच्या सोपटाचा तो तंतू नखाने चिरून चिरून त्यांनी केसासारखा बारीक केला, आणि तो बोटात धरून ते एकेका टेबलापाशी गेले.

प्रत्येक मुलाला ते तमिळमध्ये तेच विचारत, की याच्यात वारा कुठून येतो. एकालाही सांगता आलं नाही. कोणी म्हणे बाजूने, कोणी म्हणे येतच नाही. मग ते लॅपटॉप दोन बोटं वर उचलत, खाली तंतू धरत आणि तो एका जागी वर खेचला गेला की मुलं वाकून बघत. तिसऱ्या टेबलानंतर कामं सोडून सातआठ जण त्यांच्यामागे हिंडू लागले. ते प्रत्येकाचं माप एका वहीत काढून घेत होते आणि शेजारी बाण काढत होते. एकाचा लॅपटॉप त्यांनी उजेडाकडे धरून बघितला आणि त्याला म्हणाले की याला स्टँड नको, तू हा चादरीवर ठेवून वापरतोस, ते बंद कर. तो मुलगा लाजला. खरंच तसं होतं. जाळीत निळ्या चादरीचे धागे अडकले होते.

परत येताना बसमध्ये ते खिडकीपाशी बसले होते. मला म्हणाले, "मला वाटल्लं, आता पंखे सगळे कोणी कोणी करतात, माझं काम सरलं. कळ्ळंच नाही कोणाला, वारा कुठून येतो ते." यात कोणाची टवाळी नव्हती. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.

पुढची दोन वर्षं त्यांनी अशी साठएक स्टँड केली. दर वेळी आधी जाऊन बघत, मग करत. गिंडीच्या कारखान्यात त्यांना बाकडं परत मिळालं होतं. सकाळी नऊ ते बारा तिथे, आणि दुपारी घरी येऊन मामींना कोणत्या यंत्राचा श्वास कुठे अडला होता ते सांगत. मामींना त्यात काही रस नव्हता, पण त्या ऐकत. माणूस बोलतो आहे, एवढंच मला पुरे, असं त्या मला म्हणाल्या.

२००९ मध्ये आमची बदली नागपूरला झाली. तोपर्यंत नवे लॅपटॉप पातळ आणि थंड यायला लागले होते आणि स्टँडची मागणी आटत चालली होती. निघताना मला त्याची काळजी वाटत होती. नागपूरहून दोनतीन महिन्यांनी मी फोन केला, तेव्हा मामींनी उचलला. राव कसे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की ते घरात नाहीत, मारुतीच्या देवळाच्या स्वयंपाकघरावर चढले आहेत. तिथे प्रसादाचं पोंगल शिजताना आचाऱ्यांचे डोळे चुरचुरतात, सगळे खोकतात, आणि चाळीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही की धुराडं वाऱ्याच्या उलट तोंडाला बसवलं आहे. यांनी ते प्रसादाच्या रांगेत उभं असताना पाहिलं. रांग सोडून आत गेले ते प्रसाद न घेताच.

खाली उतरले की फोन करायला सांगा, मी म्हटलं.

"सांगते," मामी म्हणाल्या. "पण आज उतरतील असं वाटत नाही. डबा वरच पाठवलें."